रिपोर्टात टिल्सचा आकडा लिहायला काय जातं?

ट्रिपल निगेटिव्ह ब्रेस्ट कॅन्सरची (ईआर, पीआर हे हॉर्मोन रिसेप्टर आणि हर-टू हे प्रोटीन, तिन्ही तपासण्या निगेटिव्ह) स्लाइड बघितली की कधीकधी गाठीत लिम्फोसाइट्स (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) नुसत्या खच्चून भरलेल्या असतात, बारीक गोल गडद जांभळे ठिपके, आणि त्यांच्या मधेमधे कॅन्सरच्या धिप्पाड वेड्यावाकड्या पेशींची बेटं. गाठीत घुसलेल्या या लिम्फोसाइट्स म्हणजेच टिल्स. आम्ही पॅथॉलॉजीवाले हे रोज बघतो, आणि बऱ्याच रिपोर्टांत त्यावर एक शब्द नसतो, असलाच तर "लिम्फोसाइट्स दिसतात" एवढंच, आता यावरून ऑन्कोलॉजिस्टने काय समजायचं?

2019 मध्ये नऊ स्टडीज मिळून 2148 ट्रिपल निगेटिव्ह पेशंट्सचा डेटा एकत्र आला, त्यात स्ट्रोमातले (गाठीतल्या आधाराच्या ऊतीतले हो) टिल्स दर 10 टक्क्यांनी वाढले की पेशंट जगण्याची शक्यताही वाढत गेली, आणि सगळ्यांना केमो मिळालेली होती. मोजायला वेगळं मशीन नको, महागडा स्टेन नको, नेहमीची एच अँड ई (गुलाबी-जांभळ्या रंगाची) स्लाइड पुरते. कॅन्सरच्या पेशींच्या मधला जो स्ट्रोमा आहे त्यातला किती टक्के भाग या पेशींनी व्यापलाय ते अंदाजाने लिहायचं, नेक्रोसिसचा (मेलेल्या पेशींचा) भाग सोडायचा, गाठीच्या हद्दीबाहेरचं धरायचं नाही, आणि एकच गच्च भरलेला कोपरा बघून खूश व्हायचं नाही, सरासरी काढायची. नियम 2014 पासून ठरलेत. नजरेचा अंदाज आहे, म्हणजे मी 30 म्हणेन तर शेजारची मॅडम 20 म्हणेल, कबूल, पण 5 आणि 70 मधे कोणी गोंधळत नाही ना!

कोलन कॅन्सरमधे तर पॅरिसच्या गॅलों यांच्या टीमने 2006 मधेच दाखवलं होतं की टी सेल्स (लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) किती आहेत आणि कुठे आहेत, गाठीच्या मधोमध की कडेला, यावरून पुढचा अंदाज बांधता येतो, त्यातूनच पुढे इम्युनोस्कोर (या टी सेल्स मोजून काढायचा स्कोर) आला.

पण म्हणून "टिल्स जास्त म्हणजे चांगलं" असं सरसकट धरू नका. किडनीच्या क्लिअर सेल कॅन्सरमधे सीडी-8 पेशी (टी सेल्समधल्या मारेकरी पेशी) जास्त असणं बहुतेक वेळा वाईटच निघालंय, कारण पेशी तिथे असतात पण थकलेल्या. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह ब्रेस्ट कॅन्सरमधेही ट्रिपल निगेटिव्हसारखा फायदा दिसत नाही. आणि कोणी नुसता कमी आकडा वाचून घाबरलं तर त्यांना सांगा, स्टेज, लिम्फ नोड्स, कॅन्सरचा प्रकार असं सगळं बघून ट्रीटमेंट ठरते, टिल्स कमी आहेत म्हणून केमो लागू पडणार नाही असं अजिबात नाही.