कंसातला सिनेमा

आमच्या घरी सबटायटलं आली ती बाबांमुळे. हे अर्थात बाबांना मान्य नाही. त्यांच्या मते आजकालच्या नटांना बोलता येत नाही. "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतात रे! पूर्वी शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द न् शब्द कळायचा." मग टीव्हीचा आवाज वाढवू का, असं विचारलं की ते दुखावतात. ऐकू येतंय त्यांना, कळत नाही इतकंच. शेवटी एका रविवारी मी गुपचूप सेटिंगमध्ये जाऊन खालच्या ओळी सुरू केल्या. त्यावर दोघांनीही चकार शब्द काढला नाही.

बाबांची तक्रार अगदीच खोटी नाही. सिनेमाचा आवाज थिएटरसाठी बांधलेला असतो. तिथे संवाद मुख्यतः पडद्याच्या मधल्या स्पीकरमधून येतात, संगीत आणि दणदणाट आजूबाजूने. घरच्या टीव्हीत तेच सगळं दोन चिमुकल्या स्पीकरांत कोंबलं जातं, आणि ते स्पीकरही बहुधा भिंतीकडे नाहीतर जमिनीकडे तोंड करून बसलेले. स्फोटाला दचकून आवाज कमी करावा, तर पुढचं वाक्य गेलंच. शिवाय माइक इतके तल्लख झालेत की नटाला आवाज फेकायची गरजच उरलेली नाही. नोलानच्या 'टेनेट'मध्ये (२०२०) तर लोक मुखवट्यांआडून असे बोलतात, की तरण्याताठ्या कानांनीही हात टेकले. तो मी परवा ओळी लावून दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी काय काय कळलं नव्हतं, ते आता स्वच्छ अक्षरांत वाचता आलं.

पण मी सुरू केलं होतं ते नुसतं सबटायटल नव्हतं. यादीत त्याच्या शेजारी आणखी एक पर्याय असतो, कर्णबधिर प्रेक्षकांसाठी. त्यात संवादांबरोबर आवाजही लिहून येतात, कंसात. चुकून तो निवडला गेला, आणि गेले काही महिने मी सिनेमे पाहतोय की कंस वाचतोय, हेच मला कळेनासं झालंय.

हे कंस इंग्रजीत असतात, मी आपला मराठीत सांगतो. 'दार करकरते.' 'सुस्कारा टाकतो.' 'दुरून कुत्रा भुंकतो.' इथपर्यंत ठीक. मग येतं 'अस्वस्थ करणारे संगीत'. दोन मिनिटांनी 'संगीत अधिकच अस्वस्थ करणारे होते'. अरे, नायिका फक्त जिना चढतेय! इतकी वर्षं अशा जिन्यांवर मी घाबरत आलो, आणि ती भीती माझी मलाच वाटतेय असा माझा समज होता. ती कुणीतरी वाजवून देत होतं. कंस वाचल्यापासून हे एकदा दिसलं ते दिसलंच.

'जॉज' (१९७५) पुन्हा पाहिला तो याच नादात. त्यातला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून स्पीलबर्गला तो बराच वेळ न दाखवताच काम भागवावं लागलं. शार्कचं काम केलं जॉन विल्यम्सच्या दोन सुरांनी. हे सगळ्यांना माहीत असतं. मला नव्याने दिसलं ते वेगळंच. मध्येच दोन पोरं शार्कचा पुठ्ठ्याचा पर लावून पोहणाऱ्यांना घाबरवतात, तिथे ते सूर वाजतच नाहीत. किनाऱ्यावर पळापळ, किंकाळ्या, आणि खाली संगीताचा कंस नाही. म्हणजे संगीत प्रेक्षकाशी प्रामाणिक होतं! लबाडी फक्त त्या पोरांची. इतक्या वेळा पाहूनही हे मला ऐकू आलं नव्हतं, ते वाचून कळलं.

कंस लिहिणारी माणसं कोण असतील याचं मला फार कुतूहल आहे. 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या चौथ्या सीझनमध्ये (२०२२) राक्षसी वेलींसाठी कुणीतरी 'शुंडा ओलसरपणे वळवळतात' अशा अर्थाची ओळ लिहिली आणि ती जगभर गाजली. ओलसरपणे! त्या एका क्रियाविशेषणासाठी तो माणूस किती वेळ तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकत बसला असेल? आपण कविता लिहिताना एवढे कष्ट घेत नाही.

तोटेही आहेतच. वाक्य पडद्यावर उमटतं आधी, नट ते म्हणतो नंतर. त्यामुळे विनोदाला बाबा (जे झपाट्याने वाचतात) हसून मोकळे होतात, मग नट बोलतो, मग मी हसतो. एकाच सोफ्यावर दोन खेळ चालू. थ्रिलरमध्ये तर आडवी रेघ घात करते. 'मला ठाऊक आहे खुनी कोण आहे, तो म्हणजे' आणि पुढे आडवी रेघ. झालं. रेघ दिसली की बाबा जाहीर करतात, "गेला हा." आणि तो जातोच.

परभाषेतल्या सिनेमाची गोष्ट आणखी निराळी. कोरियन सिनेमा 'पॅरासाइट'चा दिग्दर्शक बोंग जून-हो २०२०मध्ये गोल्डन ग्लोब घेताना सबटायटलांच्या एक इंच उंचीच्या अडथळ्याबद्दल बोलला होता. तेवढा ओलांडलात तर कितीतरी सुंदर सिनेमे भेटतील, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच महिन्यात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, इंग्रजी नसलेल्या सिनेमाला पहिल्यांदाच. पण त्या एका इंचात माणसं काय काय करत असतात! दोन ब्रँडच्या इन्स्टंट नूडल्स एकत्र करून बनवलेला त्यातला 'चापागुरी' इंग्रजीत कुणाला कळणार, म्हणून अनुवादकाने रामेन आणि उडोन या जपानी नूडल्सची नावं जोडून 'राम-डॉन' असा शब्दच बनवला. सोलच्या विद्यापीठाचं ऑक्सफर्ड केलं. मला आधी ही फसवणूक वाटली. मग वाटलं, ओळीत जेमतेम चाळीस-बेचाळीस अक्षरं, ओळी फार तर दोन, आणि वाचायला दोन-तीन सेकंद. एवढ्यात सोलमधला प्रेक्षक जिथे हसला तिथेच मलाही हसवायचं, तर आणखी काय करणार बिचारा? ऑक्सफर्ड मात्र मला अजून खुपतं.

एवढं सगळं जमवून मी एक मत बनवलं होतं. खालच्या ओळी संवादाला मदत करतात, पण कंस आवाजाला मारतो. पुरावा म्हणून माझ्याकडे 'द झोन ऑफ इंटरेस्ट' (२०२३) होता. आउशवित्झच्या भिंतीला लागून त्या छळछावणीच्या कमांडंटचं घर. आपल्याला दिसते ती त्याच्या बायकोची फुलबाग, मुलांचे खेळ, वाळत घातलेले कपडे. भिंतीपलीकडचं दिसत नाही, फक्त ऐकू येतं. गोळ्या, ओरडणं आणि एक न थांबणारी घरघर. ध्वनीसाठी त्याला ऑस्कर मिळालं. थिएटरमध्ये पाहताना पहिला काही वेळ माझे कान भिंतीला चिकटले होते. मग केव्हातरी मी बाग बघू लागलो. घरघर चालूच होती, ती मला ऐकू येईनाशी झाली होती. त्या कुटुंबाचं जे झालं तेच माझंही तासाभरात झालं, आणि हे लक्षात आलं तेव्हा खुर्चीत बसवेना.

घरी हाच सिनेमा लागला तर खाली सतत कंस. 'दूरवर गोळीबार.' 'दूरवर किंकाळी.' मी वैतागलो. बाबांना समजावू लागलो, की बाबा, यातली सगळी मेख आवाजाची सवय होण्यात आहे. आता प्रत्येक गोळीला चिठ्ठी चिकटवली तर सवय होणार कशी? तुम्हाला खरा सिनेमा कळणारच नाही.

बाबा पडद्याकडे बघत म्हणाले, "मला वाचूनच कळलं. नाहीतर मला वाटलं होतं बागेचा सिनेमा आहे."

यावर मला काही बोलता येईना. माझ्या त्या सबंध सिद्धांतात ज्याला गोळी ऐकूच येत नाही असा माणूस नव्हता, आणि तो तर हातभर अंतरावर बसला होता. 'कोडा'मध्ये (२०२१) मुलीच्या गाण्याच्या कार्यक्रमात अचानक सगळा आवाज बंद होतो आणि आपण तिच्या कर्णबधिर आईवडिलांच्या जागी जाऊन बसतो. तो प्रसंग पाहून मी चांगला गहिवरलो होतो. तो पाहिलाही याच सोफ्यावर.

गेल्या आठवड्यात म्हटलं, एक दिवस दोघांनाही सुट्टी. 'पुष्पक' (१९८७) लावला. कमल हासन, आणि सबंध सिनेमात संवाद नाही. तमिळमध्ये याचं नाव 'पेसुम पडम', म्हणजे बोलणारं चित्र, हे मला फार आवडतं. खालच्या ओळी मी बंदच करून टाकल्या. बाबांनी दोन मिनिटं वाट पाहिली, कुणी बोलत नाही म्हटल्यावर निवांत झाले. बऱ्याच दिवसांनी आम्ही एकाच वेळी हसत होतो.

मग तो भाग आला. सिनेमागृहाच्या कलकलाटाशेजारी राहिलेल्या त्या बेकार पोराला बड्या हॉटेलच्या शांततेत झोप येत नाही. मग तो जाऊन तिथला गोंगाट टेपवर भरून आणतो आणि उशाशी लावतो. पडद्यावर टेपरेकॉर्डर चालू, कमल हासन सुखात, मी खो खो हसतोय. बाबा हसले नाहीत. थोडे पुढे झुकून बसले होते.

"जरा आवाज वाढव रे," ते म्हणाले.