डावीकडचं दार उघडायचं नव्हतं

मी केबिन क्रू आहे. एअरलाइन आणि एअरपोर्टचं नाव लिहीत नाही. मुंबईहून गल्फला जाणारी रात्रीची फ्लाइट, बोइंग ७३७-८०० विमान, सुट्टी संपवून कामावर परत निघालेली माणसं, त्यात कोकणातली बरीच. लँडिंग अगदी नॉर्मल झालं. रनवे सोडून टॅक्सीवेवर वळलो आणि डावीकडच्या मागच्या रांगांमधून एकदम आरडाओरडा सुरू झाला, आग आग, इंजिनला आग लागली!

मी मागच्या डाव्या दारापाशी जंपसीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या सीटवर, होते. दाराच्या छोट्या खिडकीतून बघितलं तर पंखाखालून ज्वाळा निघतायत आणि काळा धूर आमच्याच दिशेने मागे येतोय. लगेच इंटरफोनवर कॅप्टनना सांगितलं, डावं इंजिन, ज्वाळा दिसतायत, धूर मागे येतोय. कॉकपिटमध्ये वॉर्निंग वाजते पण तिथून इंजिन दिसत नाही, त्यामुळे अशा वेळी आम्ही काय बघतोय ते नीट, थोडक्यात सांगणं फार महत्त्वाचं असतं.

विमान थांबलं, "अटेन्शन, क्रू ॲट स्टेशन्स" अशी अनाउन्समेंट झाली, आणि मग थांबायचं. हे थांबणं लोकांना समजत नाही आणि मी त्यांना दोष देत नाही, खिडकीत आग दिसत असताना कोण बसून राहील. पण उजवं इंजिन चालू असताना उजवीकडचं मागचं दार उघडलं तर उतरणारी माणसं त्याच्या झोतात उडून जातील. म्हणून कॅप्टन आधी दोन्ही इंजिनं बंद करतात, इंजिनच्या आगीसाठी असलेलं फायर हँडल ओढतात, आग विझवायची बाटली सोडतात आणि मगच "इव्हॅक्युएट, इव्हॅक्युएट" येतं. असतात थोडेच सेकंद, पण तेवढ्यात अख्खी आइल, म्हणजे मधली वाट, माणसांनी भरली होती, वरचे सामानाचे बिन उघडायला लागले होते, आणि आम्ही दोघी मागून घसा फाडून ओरडत होतो, बैठे रहो, बैठे रहो.

कमांड आली तशी माझ्या कलीगने उजवीकडे बाहेर बघितलं, क्लिअर होतं, दार उघडलं आणि स्लाइड, म्हणजे उतरायची घसरगुंडी, फुगली. आणि माझं काम काय, तर माझं दार न उघडणं. याला आम्ही ब्लॉक्ड एक्झिट म्हणतो. दाराला पाठ लावायची, हात आडवे पसरायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला समोरच्या दाराकडे वळवायचं. दोन दारांमध्ये अंतर असं नाहीच, चार पावलं फक्त, पण घाबरलेला माणूस जे दार आधी दिसेल तिकडेच धावतो. इधर आग है, उस तरफ, सामान छोडो, जंप, हे मी किती वेळा ओरडले असेन देव जाणे. एका माणसाने माझ्या खांद्यावरून हात घालून सरळ हँडल धरलं. दार अजून आर्म्ड होतं, म्हणजे उघडताच स्लाइड आपोआप फुगेल असं लावलेलं; त्याने हँडल बाणाच्या दिशेने फिरवलं असतं तर स्लाइड ज्वाळांमध्ये फुगली असती आणि धूर थेट आत आला असता. मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि तोंडातून मराठीच निघालं, "दादा, बाहेर आग आहे, तिकडे वळा!" त्याची बोटं हँडलवर घट्ट होती, एकेक करून सुटली. मग माझ्या कलीगने त्याला शर्टाला धरून ओढला आणि स्लाइडवर सोडला.

१९८५ साली मँचेस्टरला ७३७ च्या डाव्या इंजिनला टेक-ऑफच्या वेळी आग लागली, वाऱ्याने ती विमानावरच आली आणि ५५ माणसं गेली, बहुतेक धुराने. तिथे विमान जमिनीवरच होतं, फायर ब्रिगेड जवळ होती, तरीही. दुसरीकडे जानेवारी २०२४ मध्ये टोकियोच्या हानेदाला जळत्या एअरबस ए-३५० विमानातून ३७९ जण बाहेर आले, सगळेच्या सगळे. त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले, पण त्या क्रूने आठपैकी तीनच दारं वापरली आणि बाकी पाच बंद ठेवली हे फार कोणी बोलत नाही. अनाउन्समेंट सिस्टीमही बंद पडली होती, मेगाफोनवर ओरडून काम चाललं. मला त्या बंद पाच दारांचं फार कौतुक वाटतं. विमान पास करतानाच अट असते की अर्धीच दारं वापरून ९० सेकंदात सगळे बाहेर आले पाहिजेत, म्हणजे काही दारं कामाची नसणार हे धरूनच चाललेलं असतं.

पंखावरच्या डाव्या एक्झिटपाशी बसलेल्या मुलाचंही सांगायलाच हवं. बोर्डिंगला त्या रांगेला ब्रीफिंग देतात, आधी बाहेर बघा, आग असेल तर उघडू नका. बहुतेक जण मोबाइलमध्ये असतात. याने ऐकलं होतं. शेजारचे ओरडत होते, खोल खोल, आणि हा हँडलवर हात आडवा धरून बसला, समोर उजवीकडे बोट दाखवत. नाव माहीत नाही, पण त्याचे उपकार आहेत आमच्यावर.

बॅगा तरी आल्याच. एका मावशींनी पिशवी छातीशी इतकी घट्ट धरली होती की सोडवता येईना, शेवटी मी ती ओढून गॅलीत, म्हणजे विमानातल्या छोट्या किचनमध्ये, फेकली. त्यात पासपोर्ट होता हे नंतर कळलं. पासपोर्ट गेला तर काय होतं हे या लोकांना माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद लँडिंगला खिशात किंवा गळ्यातल्या पाउचमध्ये ठेवा, वरच्या बिनमध्ये नको. बॅगेच्या चाकाने स्लाइड फाटली तर मागचे सगळे अडकतात.

आइल रिकामी दिसल्यावर टॉर्च घेऊन मागच्या रांगा आणि टॉयलेटं बघितली, ओरडून विचारलं कोणी आहे का, आणि मग आम्ही दोघी उतरलो. फायर इंजिनं आली होती, डाव्या बाजूला फोमच फोम. दोघातिघांचे पाय मुरगळले, काहींची कोपरं सोलवटली, बाकी सगळे धडधाकट.

बसमध्ये तोच दादा समोर आला. मनगटावर माझ्या नखांचे ओरखडे होते. म्हणाला, ताई, मला वाटलं तुम्ही दार उघडायला घाबरलाय. मी त्याला काचेतून विमानाची डावी बाजू दाखवली, इंजिनच्या मागे काळं झालेलं. तो बघत राहिला आणि मग मागच्या सीटवरच्या दोघांना बोट दाखवून सांगायला लागला की आपण त्या बाजूने उतरणार होतो.