मेअखेर, आंबोली आणि सीतेची वेणी

सीतेची वेणी, म्हणजे झाडांच्या सालीवर वाढणारं ऑर्किड, फुललेली पाहायची असेल तर आंबोलीला मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जा. फार लवकर गेलात तर नुसत्या कळ्या भेटतील आणि मृगाचा पाऊस धरल्यावर गेलात तर धुक्यात समोरचं झाडही दिसणार नाही. जूनच्या मध्यावर जाऊन दोनदा रिकाम्या हातांनी परत आले, म्हणून हे आधी सांगते.

या वेळी मी आणि मावसबहीण पुण्याहून पहाटे निघून निपाणी, उत्तूर, आजरा या रस्त्याने दुपारी पोचलो. गाडी नसेल तर कोकण रेल्वेने सावंतवाडी रोड गाठा आणि सावंतवाडी स्टँडवरून घाट चढणारी एसटी धरा, अंतर तीसेक किलोमीटर. राहायला साधी घरगुती सोय बघा. अंगणातली जुनी झाडं बघायला मिळतात आणि ती झाडं ओळखणारी माणसंही.

आजऱ्याच्या पुढे झाडी दाट होते, तिथूनच नजर वर ठेवा. सगळ्यात आधी जाड, पन्हळीसारख्या खोलगट, पट्टीसारख्या पानांचा झुबका दिसतो. पानाचं टोक कुणीतरी कुरतडल्यासारखं असतं. फुलोरा त्या झुबक्यातून खाली लोंबतो. आंबा, फणस, जांभूळ, ऐन अशी खरबरीत सालीची म्हातारी झाडं तिला मानवतात. आम्हाला सर्वांत जास्त वेण्या आंबोलीजवळच्या चौकुळ गावाच्या रस्त्याला दिसल्या, त्याही घरांच्या परड्यांतल्या आंब्यांवर. हिरण्यकेशी नदीच्या उगमावरच्या देवळाच्या वाटेवर कमी होत्या, पण तिथे तरीही जा. देवळाच्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी नावाचा छोटा मासा आहे आणि त्याच्यासाठी 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. कुंडाच्या पाण्यात उतरू नका.

दुर्बीण हवीच, आठ पटीची पुरते. फोटोसाठी सकाळी साडेआठच्या आत बाहेर पडा. उन्हं वर आली की पांढऱ्या पाकळ्यांवरचे गुलाबी ठिपके फोटोत धुऊन निघतात.

दुसऱ्या दिवशी मात्र दुर्बिणीची गरजच पडली नाही. रात्री वळीव झोडपून गेला होता आणि चौकुळच्या वाटेवर एका घराच्या जांभ्याच्या गडग्यावर आंब्याची फांदी मोडून पडली होती. तिच्यावर फुललेली वेणी, माझ्या डोळ्यांसमोर. फुलं मोजायला लागले तर एका लोंबीत शंभरच्या पुढे गेली. एकेक फूल बोटाच्या पेराएवढं, मेणासारखं, जांभळी जीभ पुढे काढलेलं आणि त्या जिभेमागे एक चपटी पिशवी. फुलं एकमेकांना इतकी खेटून की मधला दांडा दिसतच नाही. वेणी हे नाव ज्याने ठेवलं त्याने नीट बघून ठेवलं.

घरातल्या काकी बाहेर आल्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "ह्यां बांडगूळ न्हय हां. सीतेची वेणी ती." शेजारी कुणी बांडगूळ समजून फणसावरच्या वेण्या कोयत्याने खरवडल्या होत्या, तो राग त्यांच्या बोलण्यात होता. त्यांचं बरोबर आहे. बांडगूळ झाडात मुळं घुसवून रस पितं. वेणी सालीला फक्त धरून बसते, तिचं पाणी पावसाचं आणि धुक्याचं. 

काकींनी तांब्यातलं पाणी मुळांवर ओतलं. पेन्सिलीएवढी जाड, चांदीसारखी राखाडी मुळं होती ती. बघता बघता हिरवी झाली! मुळाभोवती स्पंजासारखं मृत पेशींचं वेष्टण असतं. ते पाणी शोषून घेतं, पारदर्शक होतं आणि आतला हिरवा थर दिसायला लागतो. हे मी वाचलेलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. तुम्हाला फांदीवर हाताशी मूळ सापडलं तर बाटलीतले चार थेंब टाकून नक्की बघा.

आसाममध्ये हिला कोपौ फूल म्हणतात, बिहू नाचताना मुली केसांत माळतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचं ते राज्यपुष्प आहे. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. आपलं राज्यफूल ताम्हणही याच दिवसांत फुलतं, घाटात त्याच्याकडेही लक्ष असू द्या.

आता कळकळीचं. रस्त्याकडेला कुणी झाडावरून ओरबाडलेली वेणी विकायला आणली तर घेऊ नका. काही वर्षांपूर्वी मी एक घेतली, पुण्यात गॅलरीत टांगली, रोज पाणी घातलं. दीड वर्षात मुळं कोरडी पडून ती मेली. हिचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अन्नसाठा नसतो. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं आणि मग फुलण्याएवढं व्हायला कित्येक वर्षं जातात. एक झुबका काढला की ती जागा सहज भरून निघत नाही. जंगलातून परवानगीशिवाय काढणं गुन्हाही आहे.

परड्यात जायचं असेल तर आधी घरच्यांना हाक मारा. पायात बूट घाला, पहिल्या सरींनंतर जळवा निघतात. चौकुळकडे फोनला रेंज जाते-येते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

निघायच्या सकाळी पुन्हा काकींकडे गेलो. मोडक्या फांदीवरची वेणी त्यांनी सोडवून ठेवली होती. नायलॉनची दोरी मी पुढे केली, ती त्यांनी बाजूला ठेवली. "काथ्यो बरो," म्हणाल्या. काथ्या कुजेपर्यंत मुळं झाडाला धरतात. आम्ही दोघींनी झुबका फणसाच्या खोडाला टेकवून धरला आणि त्यांनी तीन वेढे देऊन गाठ मारली.