न मिळालेल्या पदकाचा अभिमान

“त्यांनी जहाजे किती बुडवली?” यूजीन फ्लकी यांचे नाव निघताच मित्राने आज एवढेच विचारले आणि तो प्रश्न दिवसभर सलत राहिला.

अमेरिकेच्या ‘बार्ब’ पाणबुडीच्या या कमांडरला दुसऱ्या महायुद्धात मेडल ऑफ ऑनर हे देशाचे सर्वोच्च शौर्यपदक आणि नौदलाची ४ नेव्ही क्रॉस शौर्यपदके मिळाली. जुलै १९४५ मध्ये त्यांचे ८ नौसैनिक रबरी होड्यांतून काराफुतोच्या (सखालिन बेटाच्या तेव्हाच्या जपानी भागाच्या) किनाऱ्यावर उतरले, गाडीच्या भारानेच स्फोट व्हावा असा स्विच त्यांनी रुळाखाली बसवला, आणि जपानी आगगाडी उडाली तरी सगळे सुखरूप परतले.

फ्लकींना मात्र सर्वाधिक अभिमान होता तो आपल्या हाताखालच्या एकाही माणसाला, जखमींना व मृतांना दिले जाणारे पर्पल हार्ट कधी मिळाले नाही, याचा. त्याच युद्धात अमेरिकेने ५२ पाणबुड्या गमावल्या होत्या. माणसे जिवंत परत आणण्यासाठी वेगळे पदक का नसावे?