हडळीच्या चपला

शाळांमधून गोष्टी वाचायला गेलो की शेवटी एखादी आई मागे रेंगाळते. मुलं डबे उघडून बसलेली असतात. मग हळूच, "सर, तुमच्या गोष्टीतल्या पोरीला आईबाप का नाहीत हो? आणि घरात सगळी भुतंच कशी?" एकीने पुढे जोडलं, "हल्लीच्या इंग्रजी पुस्तकांचं वारं का?" दरवेळी मी हसून वेळ मारून नेतो. पण हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो म्हणून आज नीट सांगतो.

ज्यांनी गोष्टी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी: सदाशिव पेठेत एक वाडा आहे, अर्थात माझ्या डोक्यातला. अंगणातल्या पिंपळावर मुंजा, माडीवर हडळ, ओसरीवर हिशेब लिहीत बसलेला म्हातारा समंध. मागच्या हौदात एक गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी शहरात आणलं, त्या नळातून हा वाट चुकून आला तो राहिलाच. आणि या गोतावळ्यात दहा वर्षांची एक पोर, जिला कुणीतरी दिंडी दरवाजात सोडून गेलंय.

आता आपल्याकडची भुतं मुळात कोण असतात ते बघा. मुंज झाली, पण सोडमुंज, म्हणजे ब्रह्मचर्य संपवायचा विधी, व्हायच्या आत गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. मागे पाणी द्यायला कुणी नाही आणि जीव घरात अडकलाय, तो समंध. आजी हे सांगायची तेव्हा मी गोधडीत तोंड खुपसायचो. चाळिशीत पुन्हा आठवलं तेव्हा भीती वाटली नाही. ही सगळी तर खोली शोधणारी माणसं.

खोली शोधणं मला चांगलं माहीत आहे. १९९६ साली परभणीहून पुण्यात आलो, तेव्हा आठ दिवसांत अकरा दारं वाजवली. सगळीकडे पहिला प्रश्न आडनावाचा. आडनावावरून गाव, गावावरून पुढचं सगळं, आणि मग "अहो, जागा कालच गेली." एका ठिकाणी पाटी तशीच लटकत होती, कॉट बेसिसवर जागा मिळेल. गंमत अशी, की याच शहराने देवांना उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती अशी घरातल्या पोरांसारखी नावं ठेवली आहेत. मुंजाला तर अख्खा बोळ दिलाय, मुंजाबाचा बोळ. अडचण फक्त माणसांची.

बाराव्या दारात काकू होत्या. त्यांनी विचारलं, "पाणी पहाटे पाचला येतं. उठशील?"

बस. एवढीच मुलाखत.

काकू प्रेमळ वगैरे नव्हत्या. फुलके मोजायच्या, दहाला कडी लावायच्या, आणि तुपाच्या बरणीपाशी कुणाला फिरकू द्यायच्या नाहीत. पण मी "काय करायलाव काकू?" म्हणालो की बाकीची पोरं फिदीफिदी हसायची, आणि त्या मात्र कांदा चिरता चिरता "भाजी करायलेय" म्हणून माझ्याच बोलीत उत्तर द्यायच्या. थट्टा म्हणून नाही. त्यांना ते सोयीचं वाटलं असावं.

ओसरीलगतच्या खोलीत एक कंपोझिटर राहायचे. आयुष्य छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेलं. उलटी अक्षरं वाचायची इतकी सवय, की समोरच्याच्या हातातला पेपर ते पलीकडच्या बाजूने घडाघडा वाचायचे. ऑफसेट आलं आणि त्यांचा छापखाना बंद पडला. तरी रोज सकाळी नऊला ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे आणि सहाला परतायचे. दिवसभर तुळशीबागेतल्या रामाच्या देवळात बसतात, हे आम्हा पोरांना महिन्याभरात कळलं. काकूंना आधीपासून माहीत होतं. त्या पावणेनऊला त्यांचा डबा भरून कट्ट्यावर ठेवायच्या, पोळी-भाजी, शनिवारी खिचडी. साडेतीन वर्षं. मी तिथून निघालो तेव्हाही चालूच होतं. कुणीही, कधीही, त्यांना "आज कामावर काय झालं?" असं विचारलं नाही, आणि "कुठे जाता?" असंही नाही.

माझी हडळ तिथली आहे. तिची पावलं उलटी, हे तर जगजाहीर. पण उंबऱ्यापाशी सगळ्यांच्या चपला ओळीने लावलेल्या असतात आणि तिचा जोड तेवढा रोज कुणीतरी फिरवून ठेवतं, तिला चटकन पाय सरकवता यावेत म्हणून. पावलं सरळ करायचा मंत्र त्या वाड्यात कुणाला येत नाही, आणि कुणी शोधायलाही जात नाही.

राहिलं इंग्रजी वाऱ्याचं. तिकडे अशा उबदार गोष्टींची सध्या चलती आहे, मीही आवडीने वाचतो. फक्त काहींतले राक्षस इतके गोंडस असतात, की त्यांना घरात घेण्यात कसलं आलंय धाडस! पण मुळाचं विचाराल तर माझं मूळ जनाबाईत आहे. "विठो माझा लेकुरवाळा, संगे लेकुरांचा मेळा." निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, पुढे ज्ञानेश्वर, मागे मुक्ताई, मांडीवर गोरा कुंभार, कडेवर बंका, करंगळीला नामा. संन्याशाची म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडं, एक कुंभार, एक शिंपी. आणि चोखा? तो "जीवाबरोबरी." ज्याला देवळात पाऊल टाकू दिलं नाही, ज्याची समाधी आजही पंढरपूरला महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे, त्याला जनीने थेट देवाच्या छातीशी नेऊन ठेवलं. देवळात जे घडत नव्हतं ते तिने नामदेवाघरी दळणकांडण करता करता घडवलं. याला कल्पना म्हणायचं नाही तर कशाला?

त्या मेळ्यात तिने स्वतःला मात्र कुठेच ठेवलेलं नाही. ना खांद्यावर, ना कडेवर. शेवटी नुसतं "जनी म्हणे." पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेच्या गर्दीत हा अभंग ऐकताना दरवर्षी मी तिथेच अडकतो. काकूही सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वयंपाकघरात एकट्या जेवायच्या. तेव्हा ते मला खटकलं नव्हतं, हे आता खटकतं.

संपादकांचं म्हणणं होतं, शेवटी मुंजाची सोडमुंज लावा, त्याला मुक्ती मिळू दे, वाचकांना बरं वाटेल. भूतकथा अशीच संपवायची रीत आहे, मान्य. पण मुक्ती म्हणजे तो घर सोडून जाणार. एवढ्या खटपटीने जागा मिळाली आणि आता निघ म्हणायचं? मी ऐकलं नाही. तो पंक्तीत बसतो आणि भाताला तूप कमी म्हणून कुरकुरतो, तिथे पुस्तक संपतं.

एकदा तिसरीतल्या एका मुलीने हात वर केला. "हडळीच्या चपला कोण फिरवून ठेवतं?" मी ते कधी ठरवलंच नव्हतं. ठोकून दिलं, समंध.

तिला पटलं नाही. "तो म्हातारा आहे ना, त्याला वाकता कुठे येतं? मुंजा ठेवत असणार. सकाळी तोच पहिल्यांदा खाली उतरतो."

पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केलं.