विश्वेश्वरय्या आपले कसे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दर १५ सप्टेंबरला, म्हणजे अभियंते विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिनी, अभियंता दिनाला, कोणी ना कोणी हे विचारतंच: विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण, मुद्देनहळ्ळीत जन्मलेले; तुम्ही नीरा कालव्यावरचे. मग तुमच्या घरात त्यांचा फोटो कसा?

माझी बरीच नोकरी कालव्यावर गेली. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की मुक्काम टेलकडे, कालव्याच्या शेवटच्या टोकाला. रात्री दोन वाजता चारीच्या, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटाच्या, काठावर बॅटरी घेऊन बसलेला शेतकरी एवढंच विचारायचा, "साहेब, पाणी कुठवर आलंय?" वरच्या अंगाला ऊस भिजत राहायचा, खालच्याची पाळी हुकायची. वरच्यांचंही भलं होत नव्हतं. पाणी मुरून मुरून त्यांच्या जमिनी चोपण, म्हणजे खारवट नापीक, होत गेल्या.

हे दुखणं विश्वेश्वरय्यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ओळखलं होतं, आणि तेही याच नीरा कालव्यावर. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली पहिले आले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नीरेवर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. गावोगाव ठरावीक गट आखायचे, पाणी त्या गटांनाच द्यायचं, उसाला थोडाच भाग, बाकीच्यावर कमी पाण्याची पिकं, आणि पिकांची फेरपालट. म्हणजे पाणी चार जणांच्या रानात न मुरता जास्त गावांना पुरतं. नोकरीच्या सुरुवातीला ते धुळ्याकडे होते, पांझरा नदीच्या पाण्यावर सायफनचं, म्हणजे नळातून पाणी पलीकडे नेण्याचं, काम करत होते. पांझरेकाठी फड पद्धत फार जुनी: गावानं मिळून फड, म्हणजे जमिनीचे मोठे गट, पाडायचे, एका फडात एकच पीक. ती त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिली असणार, असं मला नेहमी वाटत आलंय.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणाचं काम तुम्हाला माहीत असेल. पावसाळ्यात सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी सोडायच्या वाटेवरून, पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात तेच कमी पडायचं. भिंत न वाढवता त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारं बसवली, १९०३ साली. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की तोल बदलून दारं आपोआप उघडायची, पूर ओसरला की मिटायची. पुरात रात्रभर सांडव्यावर उभं राहिलेल्या माणसालाच याची किंमत कळते. पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत असताना केलेलं काम म्हणून रॉयल्टी घेतली नाही. पुढे म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागर धरणालाही अशीच दारं बसली.

१९१२ ते १९१८ दिवाणपद. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ त्याच काळातली. तेही मला पाटाचंच काम वाटतं. पैसा असो की शिक्षण, साचू न देता पुढे सोडायचं.

एका गोष्टीत मात्र मी त्यांच्या बाजूचा नाही. मागास समाजांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्यावरून म्हैसूरच्या महाराजांशी त्यांचा मतभेद झाला. त्यांना गुणवत्ता हाच निकष हवा होता, आणि त्यांनी दिवाणपद सोडलं. ज्यांनी नीरेवर वरचं अंग आणि खालचं अंग इतकं स्वच्छ पाहिलं, त्यांना माणसांमधलं टेल दिसायला हवं होतं. त्यांच्या फोटोसमोर बसूनच मी हे लिहितोय.