एक ओळ खाली सरकवायला अकरा दिवस

महिन्यातून एखाद-दोनदा लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळायचा, तोही ग्राफिक्सवर ताण असताना. लॉगमधला पत्ता दरवेळी वेगळा. आधी रॅमवर संशय घेतला, रात्रभर तपासली. ती निर्दोष सुटली.

मग कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलमधलं साधन) चालू करून कर्नल पुन्हा बिल्ड केला. दर ८ बाइट मेमरीमागे १ बाइट कासान स्वतःच्या नोंदींसाठी घेतो, त्यामुळे मशीन रडतखडत चालतं. पण त्याचा रिपोर्ट म्हणजे पंचनामाच: मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली आणि सोडल्यानंतर कोणी हात लावला. बोट होतं ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये नवा बफर (मेमरीचा तुकडा) तयार करणाऱ्या आयोक्टलकडे, म्हणजे प्रोग्रॅमची विनंती हाताळणाऱ्या कोडकडे.

कोड साधाच. बफर ऑब्जेक्ट तयार करा, त्याचं जेम हँडल (कर्नलमधला ग्राफिक्स मेमरी सांभाळणारा भाग, जेम, देतो तो ओळखीचा आकडा) काढा, ड्रायव्हरकडचा रेफरन्स (‘हे अजून वापरात आहे’ अशी नोंद; शेवटची सुटली की मेमरी मोकळी) सोडा आणि ऑब्जेक्टमधली साइज वाचून युजरस्पेसला, म्हणजे मागणाऱ्या प्रोग्रॅमला, कळवा. दहा वेळा वाचला, दहाही वेळा बरोबर वाटला. हँडलने स्वतःचा रेफरन्स धरलेला असतो, मग ऑब्जेक्ट जाईल कुठे?

गोम हँडलच्या आकड्यात होती. जेम १ पासून सुरू करून सगळ्यात लहान मोकळा आकडा देतं. आयोक्टल परत येण्याआधीच त्याच प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या दुसऱ्या थ्रेडने नेमका तोच आकडा बंद केला, की शेवटचा रेफरन्सही गेला, आणि साइज वाचली जाते सोडून दिलेल्या मेमरीतून. असा अचूक नेम कोण धरणार? आमचाच प्रोग्रॅम! एक थ्रेड तेच हँडल दोनदा बंद करत होता, आणि मधल्या क्षणात तो आकडा नव्या बफरला मिळालेला असायचा.

दोन थ्रेडचा चाचणी प्रोग्रॅम लिहिला: एक बफर बनवतो, दुसरा आकडे बंद करत सुटतो. महिन्याचं दुखणं काही सेकंदांत हजर.

घाईत एक जादा रेफरन्स घेऊन पॅच, म्हणजे कोडची दुरुस्ती, पाठवला. हँडल काढणंच फसलं तर तो सोडायचा राहिला होता, म्हणजे क्रॅश जाऊन लीक (कधीच मोकळी न होणारी मेमरी) आला. ड्रायव्हरचा कोड सांभाळणाऱ्या मेंटेनरने एका ओळीत दाखवून दिलं. कान लाल झाले. दुसऱ्या खेपेला जादा काही घेतलंच नाही. रेफरन्स सोडण्याची मूळ ओळ साइज वाचण्याच्या खाली नेली, ती हँडल मिळो वा न मिळो, दोन्ही वाटांवर चालेल अशी. फिक्सेस टॅगमध्ये (कुठल्या बदलातली चूक सुधारली ते सांगणाऱ्या ओळीत) चूक आणणाऱ्या जुन्या कमिटच्या ओळखक्रमांकाची पहिली १२ अक्षरं घातली आणि पॅच घेतला गेला.

हँडल दोनदा बंद करणारा प्रोग्रॅम मात्र अजून तसाच आहे. तो मीच लिहिलाय.